हसवणारे आणि हसणारे : सुरत, नवसारी, बडोद्याच्या विनोदाचा थोडा इतिहास

दरवर्षी आषाढ संपत आला की मंडळाच्या चिटणीसांचा फोन येतो. "स्मरणिकेसाठी काही द्या." मी डिप्लोमा झालेला सरकारी इजनेर. माझे लिखाण म्हणजे मोजमाप पुस्तकातल्या नोंदी आणि वरिष्ठांना पाठवलेले खुलासे. तरी गेली काही वर्षे आपल्या सुरतेच्या जुन्या गोष्टी गोळा करून मी चार पाने लिहितो आणि आपण ती गोड मानून घेता. यंदा चिटणीस म्हणाले, "इतिहासच द्या, पण जरा हसरा असू द्या. लोकांना हल्ली ताण फार आहे."

हसरा इतिहास शोधायला बसलो आणि लक्षात आले की हा विषय वाटतो तितका हलका नाही. हसण्याने मन निरोगी राहते असे आपण सगळेच म्हणतो. ते कितपत खरे? कोणते हसणे माणसाला सावरते आणि कोणते आतून पोखरते? या प्रश्नाचा आमच्या घराशी संबंध आहे, तो शेवटी सांगेन.

बाप्पा, चंद्र आणि भरतमुनी

सुरुवात बाप्पापासूनच करू. मोदक खाऊन उंदरावरून निघालेले गणपती पडले आणि आकाशातला चंद्र हसला. बाप्पांनी त्याला शाप दिला, म्हणून चतुर्थीला चंद्र पाहायचा नाही. ही कथा लहानपणी ऐकताना मला नेहमी वाटे, एवढ्याशा हसण्यावर एवढा राग कशाला? ज्याचे पोट मोठे, सोंड वाकडी, वाहन एवढेसे, त्या देवाला तर विनोदाची सवय असायला हवी. आता वाटते, कथेला हसण्याबद्दल तक्रार नाही. पडलेल्याला हात न देता वरून हसणाऱ्याबद्दल तक्रार आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य हा आठ रसांपैकी एक आहे. त्याचा रंग पांढरा आणि दैवत प्रमथ, म्हणजे शंकराचे गण. गणांचा अधिपती आपला गणपती, तेव्हा हास्यरसाचे खाते त्याच्याच कचेरीत येते म्हणायला हरकत नाही. भरताने हसण्याचे सहा प्रकारही दिले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत सहाही ऐकू येतात, हा भाग वेगळा.

याहून महत्त्वाची एक वाटणी त्याच ग्रंथात आहे. हास्य दोन प्रकारचे : आत्मस्थ आणि परस्थ. माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे लागतील.

मराठी माणसाच्या मनात मात्र विनोदाबद्दल बराच काळ संकोच होता. समर्थांनी विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली, आणि शाळामास्तरांनी तेवढेच पाठ केले. त्याच मराठीत एकनाथांनी भारुडात विंचू, भूत, जोशी, वेडी यांची सोंगे उभी करून अध्यात्म सांगितले होते, हे मास्तर विसरले. पुढे १८९३ पासून टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केला तेव्हा मेळ्यांच्या पदांतून सरकारची आणि आपापसातलीही भरपूर टर उडवली गेली. म्हणजे आपल्या उत्सवाला विनोदाचे वावडे कधीच नव्हते.

लुटणारे आणि लुटले गेलेले

आता सुरतेकडे वळू. या शहराने सोसलेल्या गोष्टींची यादी केली तर वही पुरणार नाही. १८३७ साली लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि हजारो घरे खाक झाली. १८८३, १९६८, २००६ असे तापीचे मोठे पूर येऊन गेले. १९९४ ला प्लेग आला. आणि १६६४ व १६७० साली आले आपले महाराज.

सुरतेत राहणारा असा एकही मराठी माणूस नसेल ज्याला गुजराती मित्राने कधी म्हटले नसेल, "तुम्ही आम्हाला लुटायला आला होता, आता भाड्याने राहायला आलात?" त्यात १९०७ सालची भर आहे. नागपूरला ठरलेली काँग्रेस सुरतेला हलवली गेली, आणि डिसेंबरच्या अखेरीस भर मांडवात टिळक बोलायला उभे राहिले असताना गोंधळ उडाला. एक दख्खनी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. जहाल आणि मवाळ फुटले. इतिहासाच्या दृष्टीने फार गंभीर घटना. पण सुरती माणसाच्या लेखी हिशेब असा : मराठे दोनदा लुटायला आले आणि एकदा जोडा मारायला.

माझे आजोबा या टोमण्यांनी सुरुवातीला चिडत. वडील हसून सोडून देत. मी स्वतःच तो विनोद आधी सांगून टाकतो. तीन पिढ्यांत एवढा फरक पडला. रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली 'थट्टेच्या नात्यां'वर एक निबंध लिहिला. जिथे दोन घराण्यांत जवळीक असते पण खटके उडण्याचीही शक्यता असते, तिथे समाज काही माणसांना एकमेकांची थट्टा करण्याची मुभा देतो आणि ती थट्टा मनाला लावून घ्यायची नाही असे बंधनही घालतो. आपल्याकडे दीर-भावजय आणि मेहुणे-मेहुणे यांचे हेच चालते. सुरतेत मराठी आणि गुजराती माणसांचे नाते असे मेव्हण्यांचे आहे. ज्या दिवशी समोरचा माणूस लुटीचा विनोद करायचे थांबवेल आणि तोच विषय गंभीरपणे बोलू लागेल, त्या दिवशी काळजी करावी.

सुरती विनोद केवळ ओट्यावरचा नाही, त्याला छापील परंपरा आहे. सुरतेच्या नर्मदने १८६४ साली 'दांडियो' नावाचे पाक्षिक काढून समाजातल्या ढोंगांवर कोरडे ओढले. सुरतेच्याच नवलराम पंड्यांनी १८६७ साली 'भटनुं भोपाळुं' हे नाटक लिहिले. मूळ मोलिएरचे, फिल्डिंगच्या इंग्रजी रूपांतरावरून घेतलेले, पण इतके इथले करून टाकले की कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणाऱ्या समाजाला ते थेट लागले. याच दुखण्यावर आपल्या देवलांचे 'शारदा' आले ते १८९९ साली. सुरत हसत हसत तीस वर्षे आधी बोलली होती.

आणि मग ज्योतींद्र दवे. जन्म सुरत, १९०१. गुजरातीत विनोद म्हटला की हेच नाव. 'रंगतरंग'चे भाग त्यांचे, आणि धनसुखलाल मेहता यांच्याबरोबर १९३६ साली लिहिलेली 'अमे बधां' ही जुन्या सुरतेतल्या घराची कादंबरी. ते अंगाने काटकुळे, प्रकृतीने नाजूक, आणि आयुष्यभर त्यांनी या देहाचीच थट्टा केली. पण ती वाचताना माणसाची कीव येत नाही. देह दुबळा आहे, आणि त्याच्याकडे पाहणारा आतला माणूस मजेत आहे, असे वाटत राहते. आत्मस्थ हास्य ते हेच.

नवसारीचा मुलगा

आपल्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर नवसारी. तिथे २६ मे १८८५ रोजी राम गणेश गडकरी जन्मले. नवसारी तेव्हा गायकवाडी मुलखात होती. पहिली अक्षरे गुजराती, शाळा गुजराती. वडील लवकर गेले आणि कुटुंब महाराष्ट्रात परतले, तेव्हा या मुलाला मराठी नीट लिहिता-वाचता येत नव्हते.

आपल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या लग्नात भावंडे हसतात, "तुझं मराठी कसलं रे, करी नाख्यु टाइप!" तेव्हा मला हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आठवतो. त्यालाही कोणी हसले असेल का, ते त्यालाच ठाऊक. पण दहा-पंधरा वर्षांत त्याने मराठी अशी वाकवली की आजवर कोणाला तशी जमली नाही. 'गोविंदाग्रज' या नावाने कविता, 'बाळकराम' या नावाने विनोद आणि स्वतःच्या नावाने नाटके. 'सुदाम्याचे पोहे' लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले. कोल्हटकरांनी समाजाच्या खुळ्या रूढींवर बोट ठेवले. गडकऱ्यांनी त्या विनोदाला अतिशयोक्तीचा असा काही पूर आणला की वाचणाऱ्याला श्वास घ्यायला सवड मिळेना.

पण हसवणाऱ्याचे आयुष्य पाहा. गरिबी, नाटक कंपनीतली ओढाताण, संसारात सुख नाही, आणि मग क्षय. मरणाच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी 'भावबंधन' पुरे केले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला ते गेले. वय ३३. 'एकच प्याला' रंगमंचावर आलेला त्यांना पाहता आला नाही. गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९१९ मध्ये केला, तोही कुठे, तर बडोद्याला. गुजरातच्या मातीत जन्मलेल्या माणसाचे शेवटचे मोठे यश गुजरातच्या मातीतच उजाडले, आणि ते पाहायला तो नव्हता. नाटकातली पदेसुद्धा विठ्ठल सीताराम गुर्जर यांना लिहून द्यावी लागली.

'एकच प्याला'त तळीराम आहे. सबंध नाटक रडवते आणि तळीराम हसवतो. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशात त्याचे वाक्चातुर्य ऐकताना प्रेक्षक पोट धरून हसतात. पण थोडे थांबून पाहिले तर हा माणूस विनोदाचा उपयोग कशासाठी करतो? आपण बुडत आहोत हे दिसू नये म्हणून. दुसऱ्यालाही बुडवताना त्याला वाटू नये की काही वाईट घडते आहे म्हणून. त्याचे घर उद्ध्वस्त आहे आणि जिभेवर कोटी तयार आहे. गडकऱ्यांनी हे १९१९ च्या आधी ओळखले होते.

बडोद्याचे प्राध्यापक

तिसरे गाव बडोदे. चिंतामण विनायक जोशी, जन्म पुण्याचा, १८९२. बडोदा कॉलेजात पाली भाषेचे प्राध्यापक, पुढे बडोदे संस्थानच्या दप्तरखान्याचेही काम त्यांनी पाहिले. त्यांचे पाली व्याकरणाचे पुस्तक अभ्यासक आजही वापरतात. असा हा जुन्या कागदांत आणि बुद्धवचनांत बुडालेला मनुष्य. आणि त्याने मराठीला काय दिले, तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ.

चिमणराव आपल्यासारखाच. बेताची नोकरी, बेताची हिंमत, घरात काऊ, मोरू, मैना, आणि दर दोन दिवसांनी एक नवी फजिती. जोशींच्या विनोदात कोणाला ओरबाडलेले नाही. सासू, शेजारी, साहेब, भोंदू, सगळे येतात आणि थोडे हसून घेऊन आपापल्या घरी सुखरूप जातात. चिमणराव हसतो तो स्वतःला, पण स्वतःला कचऱ्यात फेकून हसत नाही. फजिती सांगून झाली की तो संध्याकाळी पुन्हा घरी येतो, चहा पितो आणि उद्याच्या फजितीला तयार होतो. १९४० च्या सुमारास मास्टर विनायकांच्या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि १९७० नंतर दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर. आपल्यातल्या ज्येष्ठांना ते अजून आठवत असेल.

एक माणूस बौद्ध ग्रंथ शिकवतो आणि संध्याकाळी चिमणराव लिहितो, याचे मला पूर्वी नवल वाटे. आता वाटत नाही. दुःख आहे, हे बुद्धाचे पहिले सत्य. ते मान्य करून शांतपणे त्याच्याकडे पाहता येणे, ही चिमणरावाचीही पहिली अट आहे.

मानसशास्त्र काय सांगते

आपल्या अनुभवाला शास्त्राची साथ मिळते का, हे पाहण्यासाठी मी थोडे वाचले. त्यातले समजले तेवढे सांगतो.

२००३ साली कॅनडातील रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विनोदाच्या शैली मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. त्यांच्या मते शैली चार. पहिली, माणसे जोडणारी : गप्पांत गंमत आणून वातावरण मोकळे करणारी. दुसरी, स्वतःला सावरणारी : एकटे असताना, अडचणीत असताना प्रसंगाची गमतीदार बाजू पाहू शकणारी. तिसरी, दुखावणारी : टोमणे, चेष्टा, दुसऱ्याला खाली ओढणे. चौथी, स्वतःला तुडवणारी : लोकांनी आपल्याला स्वीकारावे म्हणून स्वतःचीच सतत नालस्ती करणे आणि आतले दुखणे हसण्याखाली दडपणे.

ही प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली. साधारण चित्र असे निघाले की पहिल्या दोन शैली ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नैराश्य आणि चिंता कमी, स्वतःबद्दलचा आदर जास्त. चौथी शैली ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात नेमके उलट. म्हणजे 'तो किती विनोदी आहे' यावरून माणूस सुखी आहे की नाही हे सांगता येत नाही. विनोद कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते. यात एक सावधगिरी हवी. हसरा म्हणून मन निरोगी, की मन निरोगी म्हणून हसरा, हे अशा पाहण्यांतून पक्के ठरत नाही. आमच्या खात्याच्या भाषेत, भिंतीला ओल आणि भिंतीला भेग दोन्ही आहेत, पण आधी काय आले ते प्लास्टर काढल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट. २००४ साली अमेरिकेतील पीटरसन आणि सेलिगमन यांनी माणसाच्या स्वभावातील २४ चांगल्या गुणांची यादी केली. त्यात विनोदबुद्धी आहे. पण आयुष्याबद्दलच्या समाधानाशी सर्वांत घट्ट नाते कोणत्या गुणांचे आढळले? आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम आणि कुतूहल. विनोद या मंडळींच्या सोबत असला की फुलतो. एकटा पडला तर त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये.

मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच माणसांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, तो पुढे जगभर पसरला. सुरुवातीला ते विनोद सांगत, मग विनोद संपले आणि त्यातले काही दुखावणारेही निघू लागले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसते मिळून हसणे ठेवले. मला यात फार शहाणपण दिसते. सकाळी बागेत जमणाऱ्या ज्येष्ठांना बरे वाटते ते हसण्यामुळे जितके, तितकेच कोणीतरी आपली वाट पाहते म्हणून.

दोन आठवणी

आता घरचे सांगतो.

ऑगस्ट २००६. उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सुरत बुडाली. मी नव्याने नोकरीला लागलो होतो आणि घरीच अडकलो. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावरचे कुटुंब वर आले, पहिल्या मजल्यावरचे आले, आणि दोन खोल्यांत आम्ही चौदा माणसे झालो. वीज नाही, फोन नाही, प्यायचे पाणी मोजून. त्यातच नारळी पौर्णिमा. शेजारच्या बांनी आपल्या साडीच्या काठाचे धागे काढून सगळ्या भावांना राख्या बांधल्या.

रात्री पोरे रडायला लागली तेव्हा बाबांनी मेणबत्तीपाशी चिमणराव काढला आणि तोंडी गुजराती करत वाचायला सुरुवात केली. बाबांची गुजराती म्हणजे बाजारातली, त्यामुळे चिमणरावापेक्षा भाषांतरालाच लोक जास्त हसले. खालच्या मजल्यावरच्या काकांचा जरीचा सगळा माल पाण्यात होता. ते बराच वेळ गप्प बसले होते. मग खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "तमारा शिवाजीए तो बे ज वार लूट्युं, आ तापीमा तो गणतरी ज नथी राखती." सगळे हसले. तेही हसले, आणि हसता हसता रडले. बांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कोणीही "रडू नका" म्हणाले नाही.

वीस दिवसांनी गणपती आले. गल्लीत अजून चिखलाचा वास होता. आरास नव्हती, मूर्ती लहान होती. पहिली वर्गणी जरीवाल्या काकांनी दिली. "तुमची बाकी कधीपासून राहिली आहे," असे म्हणून.

दुसरी आठवण त्याच्या आधीची.

माझे धाकटे काका मंडळाचे विनोदी नट होते. ज्येष्ठ वाचकांना ते नक्की आठवतील. दरवर्षी काही ना काही सोंग, आणि एका वर्षी 'एकच प्याला'तला प्रवेश. दारूबंदीच्या राज्यात तळीराम, या एका कल्पनेवरच प्रेक्षक आधी हसत, मग काका तोंड उघडत. लग्नकार्यात काका असले की लोक खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसत.

ते ज्या गिरणीत होते ती बंद पडली. त्यानंतर त्यांचे विनोद वाढले. सगळे स्वतःवर. "मला कोण ठेवणार, मी तर रद्दीतसुद्धा किलोमागे आठ आणे कमी." "माझ्या बायकोनं मंगळसूत्र नाही, वजन गळ्यात बांधून घेतलंय." आम्ही हसत होतो. मी सगळ्यात जास्त, कारण मी पोरगेला होतो आणि ते माझे आवडते काका. दारूबंदी असूनही ती मिळते, हे सुरतेत कोणाला सांगायला नको. ते पिऊ लागले, आणि त्यावरही विनोद करू लागले. त्यांच्या तोंडाचा वास आला तरी आम्हाला वाटे, तळीरामाची तालीम चालू आहे.

१९९९ साली यकृताच्या आजाराने ते गेले. वय बेचाळीस. तेराव्याला घरात माणसे त्यांचे विनोद आठवून हसत होती, तेव्हा आई स्वयंपाकघरात मला म्हणाली, "त्यानं आपल्याला एवढं हसवलं. तो स्वतः हसलेला तुला आठवतोय का?"

मी आठवून पाहिले. नाही आठवले. आजही नाही.

भरतमुनींचे ते दोन शब्द मी फार उशिरा वाचले. काकांकडे परस्थ हास्य भरपूर होते आणि आत्मस्थ जवळजवळ नव्हते. पुरात रडलेल्या जरीवाल्या काकांकडे दोन्ही होते, आणि पाठीवर हात ठेवणारे माणूसही होते. माझ्या काकांच्या पाठीवर आम्ही थाप मारली, हात ठेवला नाही.

आपल्यासाठी

वाचकहो, विनोद टाकून द्या असे मी म्हणणार नाही. आगी, पूर, प्लेग आणि लुटी पचवून हे शहर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदणी पडव्याला चंद्राखाली बसून घारी खाते, यात त्याच्या हसऱ्या स्वभावाचा वाटा मोठा आहे. आपण मराठी माणसेही इथे राहून थोडी सुरती झालो, हे आपले भाग्य. मुलांना गडकरी आणि चिं. वि. वाचून दाखवा, अडले तर गुजरातीत सांगा. त्यांच्या मराठीला हसू नका. नवसारीच्या त्या मुलाची आठवण ठेवा.

आणि एक विनंती. प्रत्येक मंडळात, प्रत्येक घरात, कचेरीत एक हसवणारा माणूस असतो. त्याचे विनोद हळूहळू फक्त स्वतःवरच होऊ लागले, किंवा दर संध्याकाळी तो हसवून लवकर निघून जाऊ लागला, तर टाळ्या थोड्या कमी करा आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. वाटेत चहा घ्या. त्याला बोलू द्या. गरज वाटली तर डॉक्टरांकडे सोबत जा. मनाच्या डॉक्टरांकडे जाणे हे तापाच्या डॉक्टरांकडे जाण्यासारखेच आहे, त्यात लाजण्याचे काही नाही.

यंदाही आरतीनंतर आपण पटांगणात बसू, थट्टामस्करी होईल, लुटीचा विनोद कोणीतरी करीलच. त्यावेळी हसवणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहा. तोही हसत असेल, तर बाप्पा पावला असे समजा.

गणपती बाप्पा मोरया!